मोटारहोमच्या टपावरचा अँटेना: सुरक्षित जोडणी आणि वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सहा वर्षे आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेल्या मोटारहोममधून, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतून, महाराष्ट्रात, गोव्यात आणि उत्तर कर्नाटकात फिरतो आहोत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणल्यानंतर अशी गाडी बांधून घेणारी कुटुंबे वाढली आणि मुक्कामाच्या ठिकाणी टपावरच्या डिशकडे बोट दाखवून प्रश्न विचारणारेही वाढले. बहुतेकांचा पहिला प्रश्न चित्र दिसण्याबद्दलचा असतो. मला मात्र आधी त्या डिशच्या उंचीबद्दल आणि तिच्यासाठी टपाला पाडलेल्या छिद्रांबद्दल बोलावेसे वाटते, कारण जिवावरचा धोका उंचीत आहे आणि गाडीचे नुकसान छिद्रांतून होते.

आपल्याकडे मोटारहोमवर कोणता अँटेना उपयोगी पडतो?

माशाच्या काट्यासारखा दिसणारा जुना अँटेना आता जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण दूरदर्शनची जुनी अॅनालॉग भू-प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बहुतांश ठिकाणी बंद झाली. आज टपावर दोनच गोष्टी बसवण्यासारख्या आहेत. एक म्हणजे उपग्रह वाहिन्यांसाठी ६० सेंटिमीटरची डिश, आणि दुसरी म्हणजे इंटरनेटच्या राउटरला जोडायचा मोबाइलचा अँटेना.

डिशसाठी बहुतेक प्रवासी डीडी फ्री डिश पसंत करतात, कारण तिला मासिक वर्गणी नाही. तिचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते आणि तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. खासगी सेवांचे उपग्रह वेगळ्या ठिकाणी असतात, उदाहरणार्थ टाटा प्लेचा ८३ अंशांवर आणि एअरटेलचा १०८.२ अंशांवर, त्यामुळे सेवा बदलली की डिशची दिशाही बदलावी लागते.

डिश टपावरच बसवली पाहिजे का?

नाही. वर्षातून चार-पाच सहली करणाऱ्या कुटुंबाला माझा सल्ला असा आहे की डिश घडीच्या तिपाईवर जमिनीवर ठेवावी, केबल दहा मीटरची घ्यावी आणि तिपाईच्या पायांवर वाळूच्या पिशव्या टाकाव्यात. टपाला छिद्र पडत नाही, वर चढावे लागत नाही, वीजतारांचा धोका जवळजवळ संपतो आणि गाडी सावलीत ठेवून डिश उन्हात ठेवता येते. टपावरची डिश सोयीची ठरते ती रोज मुक्काम हलवणाऱ्यांना, किंवा गर्दीच्या वाहनतळावर जमिनीवर जागाच मिळत नाही अशा वेळी. सोय हवी असेल तर ती जरूर घ्यावी, पण त्यासोबत येणारी शिस्तही घ्यावी.

टपावर जागा कशी निवडावी?

पत्र्याच्या टपाखाली आडव्या लोखंडी कमानी असतात. अँटेनाचा पाया शक्यतो या कमानीवर यावा. आतून प्लायवूड किंवा अन्य अस्तर असेल तर वरून लहान चुंबक फिरवून उपयोग होत नाही, कारण सगळा पत्राच चुंबकाला चिकटतो. अशा वेळी बोटाने ठोकून आवाज ऐकावा, कमानीवर तो भरीव येतो. गाडी बांधतानाची छायाचित्रे जपून ठेवली असतील तर ती सर्वांत उपयोगी, कारण आतल्या दिव्यांच्या आणि एसीच्या वायरी नेमक्या कुठून गेल्या आहेत ते त्यांत दिसते. फायबरच्या टपाला कमानी दूर-दूर असतात, म्हणून तिथे आतून किमान ३ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी देऊन बोल्टचा भार पसरवावा.

डिश पूर्ण फिरताना एसीच्या डब्याला, झरोक्याच्या झाकणाला किंवा सौर पॅनेलला लागत नाही हे पुठ्ठ्याची तेवढीच गोल चकती कापून आधी पाहावे. पॅनेलवर पडणारी हातभर सावलीसुद्धा त्याची वीज बरीच कमी करते, हे विसरू नये.

छिद्र पाडून बसवताना गळती कशी टाळावी?

या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देतो, कारण आमच्या गाडीला पहिली डिश ज्या कारागिराने बसवली त्याने बोल्टभोवती साधे सिलिकॉन फासले होते आणि दुसऱ्या पावसाळ्यात पलंगाच्या वरचे प्लायवूड काळे पडून फुगले. वरून पाहता काहीच दिसत नव्हते. सिलिकॉन रंगापासून केसाएवढे सुटले होते आणि पाणी बोल्टच्या आट्यांवरून उतरत होते. सिलिकॉनचा आणखी एक दोष असा की एकदा ते फासले की त्या जागी नंतर दुसरे सीलंट नीट धरत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही काम असे केले. पावसाळ्याच्या दोन महिने आधीचा कोरडा दिवस निवडला. पायाची पट्टी टपावर ठेवून पेन्सिलीने खुणा केल्या आणि खुणांवर कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे ड्रिल घसरून रंग खरवडत नाही. आधी ३ मिलिमीटरचे छिद्र पाडले, आतून वायर नाही याची खात्री केली आणि मगच मापाचे छिद्र घेतले. ड्रिलच्या पात्याला रबराची बुशी लावून खोली मर्यादित ठेवली होती, म्हणजे पाते एकदम आत घुसत नाही. छिद्राच्या कडा कानशीने साफ करून उघड्या पोलादावर जस्तयुक्त प्रायमर लावला आणि तो वाळू दिला. लोखंडाचा कीस टपावर राहिला तर पहिल्याच दवाने त्याचे तांबडे डाग पडतात, म्हणून तो ओल्या फडक्याने टिपून काढला.

मग जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पायाखाली ब्युटाइलची चिकट पट्टी अंथरली. ही पट्टी चिखलासारखी मऊ असते आणि कायम मऊ राहते, म्हणून गाडीच्या हादऱ्यांतही तिचा सांधा तुटत नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले, त्यांना आतून मोठे वॉशर आणि लॉक-नट दिले आणि समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळले. एकदम जोर लावला तर सगळी पट्टी बाहेर पिळून येते आणि धातूवर धातू टेकतो. कडेने पट्टीची बारीक किनार बाहेर दिसू लागली की थांबायचे. दोन दिवसांनी, पट्टी बसल्यावर, पाव-पाव फेरा पुन्हा आवळला, जादा किनार प्लास्टिकच्या पट्टीने कापली आणि बोल्टची डोकी व कडा पॉलीयुरेथेन सीलंटने झाकल्या.

केबल आत घेण्याचे छिद्र हे सर्वांत कच्चे ठिकाण असते. त्यावर केबल-ग्लँडचे, म्हणजे केबल घट्ट धरून पाणी अडवणारे, टोपण असावे, त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असावे म्हणजे धावताना पावसाचा मारा थेट तोंडावर येत नाही, आणि आत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी तिथेच गळून पडते.

शेवटी पाण्याची परीक्षा घ्यावी. एकाने बाहेरून पाइपने पाणी सोडावे, आधी खालच्या कडेला आणि मग हळूहळू वर, निदान पंधरा मिनिटे, आणि दुसऱ्याने आत बॅटरी घेऊन अस्तर काढलेल्या जागेकडे पाहत राहावे. अस्तर त्या दिवशी परत लावू नये. रात्रभर तिथे टिपकागद चिकटवून ठेवावा.

छिद्र न पाडता चिकटवून किंवा चुंबकाने बसवता येईल का?

मोबाइलचा छोटा अँटेना चुंबकाने पत्र्याच्या टपावर चांगला राहतो, मात्र चुंबकाखाली कण अडकून रंग घासतो, म्हणून खाली पातळ रबर घालावे. डिश मात्र केवळ चिकटपट्टीवर विसंबून बसवू नये. उन्हाळ्यात टपाचा पत्रा इतका तापतो की हात टेकवत नाही, आणि त्या तापमानात चिकटपट्टीची पकड कमी होते.

डिशवर वाऱ्याचा भार किती येतो?

६० सेंटिमीटरची डिश समोरून वाऱ्याला उभी असेल तर ताशी ८० किलोमीटर वेगाला तिच्यावर साधारण ११ किलो वजनाएवढा जोर येतो आणि ताशी १०० किलोमीटरला तो सुमारे १७ किलोपर्यंत जातो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हा जोर तिच्या दांड्यावर तरफेसारखा काम करतो आणि पायाचे वाऱ्याकडच्या बाजूचे बोल्ट उपटू पाहतो. म्हणून धावताना डिश आडवी, तोंड खाली आणि पट्ट्याने बांधलेलीच असावी. उभ्या गाडीवरही, आंबोली किंवा पाचगणीसारख्या पठारावर वादळी वारा सुटला की रात्री झोपण्याआधी ती खाली घ्यावी.

वीजतारांपासून किती दूर राहावे?

टपावरच्या अँटेनामुळे होणारे जीवघेणे अपघात मुख्यतः याच कारणाने होतात, म्हणून आकडे नीट लक्षात घ्यावेत. वीजवाहिन्यांच्या सुरक्षेच्या नियमांनुसार ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, उघडी तार रस्ता ओलांडून जात असेल तर ती जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच असावी लागते, रस्त्याच्या कडेने जात असेल तर ५.८ मीटर, आणि रस्ता नसलेल्या जागी, म्हणजे शेतात किंवा माळावर, ४.६ मीटर पुरेशी धरली जाते. मोटारहोम मुक्कामाला जाते ते नेमके याच शेवटच्या प्रकारच्या जागेत.

आता आमच्या गाडीचा हिशेब पाहा. टप जमिनीपासून २.७ मीटर, पॅनेल धरून जवळजवळ ३ मीटर, डिश उभी केली की ३.७ मीटर. कागदावर तारेला अजून ९० सेंटिमीटर उरतात. पण टपावर उभा राहून हात वर करणारा साधारण उंचीचा माणूस ४.८ मीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे तार नियमाप्रमाणे असली तरी त्याचा हात तिच्याही वर जातो. शिवाय उन्हाळ्यात तार तापून लांबते आणि तिचा झोळ वाढतो, खांब कलतात आणि भराव टाकून जमीन वर येते. ११ केव्हीच्या तारेला प्रत्यक्ष स्पर्शच व्हावा लागतो असेही नाही, अगदी जवळ गेलेल्या धातूवर वीज झेपावू शकते.

म्हणून आमचा नियम असा आहे की अँटेनाच्या कोणत्याही भागापासून कोणत्याही दिशेने तार निदान ३ मीटर दूर असली पाहिजे, आणि डोक्यावरून तार जाते अशा जागी गाडी मुळीच लावायची नाही, मग ती तार टेलिफोनची असल्याचे कोणी कितीही खात्रीने सांगो. दापोली तालुक्यात एका बागेत आम्ही तिन्हीसांजेला पोहोचलो होतो. मालकांनी आंब्याखालची सपाट जागा दाखवली. अंधार पडत होता, वर पाहिले तर फांद्याच दिसत होत्या. मी बॅटरीचा झोत खांबांच्या ओळीने फिरवला तेव्हा पंपाला जाणारी तार फांद्यांच्या आतून गेलेली दिसली, पानांमुळे तिचा फक्त हातभर तुकडा उघडा होता. कातरवेळी तार शोधू नये, खांब शोधावा. एक खांब दिसला की दुसरा शोधावा आणि दोघांना जोडणारी रेघ मनात ओढावी.

रेल्वे फाटकावर हीच काळजी घ्यावी लागते. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले, त्यामुळे पूर्वी मोकळ्या असलेल्या फाटकांवरून आता २५ हजार व्होल्टची तार गेलेली आहे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंची मोजणारी कमान असते, तिच्याखालून जाण्यापूर्वी टपावर काही उभे नाही ना, हे उतरून पाहावे.

अँटेना तारेला लागलाच तर काय करावे?

गाडीत असाल तर गाडीतच बसून राहा, धातूच्या कोणत्याही भागाला हात लावू नका आणि बाहेरच्यांना ओरडून दूर ठेवा. शक्य असेल आणि चालक आतच असेल तर गाडी हळूहळू तारेपासून दूर न्या. नंतर १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीला आणि ११२ वर आपत्कालीन मदतीला फोन करा. वीजपुरवठा बंद केल्याचे वायरमनने सांगेपर्यंत खाली उतरू नका.

गाडी पेटली आणि उतरणे भागच असेल तर दोन्ही पाय जुळवून उडी मारा. गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होता कामा नये. त्यानंतर पाय न उचलता, जमिनीला घासत, छोट्या-छोट्या सरकत्या पावलांनी निदान दहा मीटर दूर जा. तार जमिनीत वीज सोडत असताना दोन पावलांमध्ये जितके अंतर जास्त तितका शरीरातून जाणारा प्रवाह जास्त, म्हणून लांब ढांग टाकून पळणे घातक ठरते. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने तर आतल्या माणसाला ओढून काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. तसा मोह होतो, विशेषतः आत आपलेच माणूस असेल तेव्हा, आणि म्हणूनच हे सर्वांना घरून निघण्याआधी सांगून ठेवावे.

डिश नेमकी कोणत्या दिशेला आणि किती कलवावी?

जीसॅट-१५ साठी पुण्यातून डिशचे तोंड उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला येते आणि उपग्रह क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर असतो. पणजीत हेच आकडे सुमारे १२७ आणि ६१ होतात, नागपूरला सुमारे १४४ आणि ६०. म्हणजे आग्नेय आणि साठ अंश एवढे लक्षात ठेवले तरी महाराष्ट्रात आणि गोव्यात शोधाची सुरुवात बरोबर होते. आपल्याकडच्या बहुतेक डिशा ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे त्या लहरी तिरप्या झेलतात, म्हणून साठ अंशांकडे पाहणारी डिश डोळ्याला बरीच उभी वाटते. ती आकाशाकडे पुरेशी वळलेली नाही असे समजून आणखी आडवी करू नये, डिशचा कल दाखवणाऱ्या पट्टीवरचा आकडा वाचावा.

गाडी समतल करून, टपाच्या मध्यावर पाणसळ ठेवून मगच डिश लावावी. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत सुमारे ३ अंशांचाच असतो, त्यामुळे गाडी दोन अंश कलली तरी उपग्रह निसटतो. होकायंत्र किंवा मोबाइलवरचे होकायंत्र गाडीपासून चार-पाच मीटर दूर जाऊन पाहावे, कारण जवळचा पत्रा सुई फिरवतो. दूरवरचे झाड किंवा घर दिशेची खूण म्हणून धरावे आणि परत येऊन डिश तिकडे वळवावी. नंतर डिश अंश-अंश सरकवत प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद थांबावे, सेट-टॉप बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. अधीर होऊन सलग फिरवणारा माणूस उपग्रहावरून तीनदा जातो आणि त्याला तो सापडत नाही. सिग्नल मिळाल्यावर एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरची सिग्नल घेणारी डबी, तिच्या पकडीत थोडी डावी-उजवीकडे फिरवून गुणवत्तेचा आकडा वाढतो का, ते पाहावे.

एलएनबीला केबलमधूनच १३ किंवा १८ व्होल्ट वीज जाते. म्हणून केबल उघडण्याआधी सेट-टॉप बॉक्स बंद करावा, नाही तर केबलची जाळी मधल्या तारेला टेकून बॉक्स जळू शकतो.

झाडाखाली किंवा पावसात चित्र का जाते?

पाने आणि त्यांतले पाणी उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी शोषून घेतात, पानांतून डिश काहीच पाहत नाही. मात्र उपग्रह आपल्याकडे बराच उंच असल्याने फार लांब जावे लागत नाही. १० मीटर उंचीचे झाड आग्नेयेला असेल तर त्याच्या फांद्यांच्या कडेपासून सहा मीटर दूर उभे राहणे पुरते. जोरदार सरीत चित्र तुटणे स्वाभाविक आहे, सर ओसरली की ते परत येते, त्यासाठी पावसात टपावर चढू नये. फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस ठराविक वेळी काही मिनिटे चित्र जाते, तेव्हा सूर्य उपग्रहाच्या मागे आलेला असतो.

डिश उभी असतानाच गाडी सुरू होऊ नये म्हणून काय करता?

आमच्याकडून ही चूक एकदा झाली आहे. पहाटे साडेपाचला, मुले झोपलेली असताना, आम्ही अंगणातून निघालो आणि फणसाच्या फांदीने डिश मागे ओढली. डिश वाकली त्याचे विशेष नाही, पण पायाजवळचा पत्रा उचकटला आणि वर सांगितलेले सगळे काम पुन्हा करावे लागले. त्या फांदीच्या जागी तार असती तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

तेव्हापासून डिश वर करणारा माणूस गाडीची किल्ली डिशच्या हँडलच्या खुंटीला अडकवतो. डिश खाली घेतल्याशिवाय किल्ली हातात येत नाही. स्टिअरिंगला लाल फीत बांधण्याची पद्धतही चांगली आहे, पण फीत सवयीने सोडली जाऊ शकते, किल्लीशिवाय मात्र गाडी सुरूच होत नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत डिशच्या बिजागरीखाली मर्यादा-स्विच, म्हणजे डिश पूर्ण खाली आहे की नाही हे ओळखणारा स्विच, बसवून इग्निशनबरोबर वाजणारा बझर जोडून घ्यावा, चांगला ऑटो-इलेक्ट्रिशियन हे काम तासाभरात करतो. आणि निघताना एकाने गाडीभोवती एक फेरी मारून वर पाहावेच.

विजा कडाडत असताना मोटारहोम सुरक्षित असते का?

टायर रबराचे असल्यामुळे गाडी सुरक्षित असते, हा समज चुकीचा आहे. सगळीकडून पत्र्याची बंद गाडी सुरक्षित असते, ती पत्र्यामुळे, कारण वीज बाहेरच्या पत्र्यावरून वाहून जमिनीत जाते. फायबरच्या खोक्याला हे संरक्षण मिळत नाही, तिथे चालकाच्या पत्र्याच्या केबिनमध्ये किंवा जवळच्या पक्क्या इमारतीत जावे.

आपल्याकडे एप्रिलपासून जूनपर्यंतच्या वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात दुपारनंतर गडगडाट वाढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले दामिनी हे अॅप जवळपासच्या विजांची सूचना देते, ते मोबाइलवर असावे. ढग भरून येताच, गडगडाट ऐकू येण्याआधी, डिश खाली घ्यावी आणि केबल सेट-टॉप बॉक्समधून काढून ठेवावी. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. त्यानंतर डिश उभी राहिली असली तरी तिच्यासाठी बाहेर जाऊ नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास थांबावे.

बॅटरी किती खर्च होते?

१२ व्होल्टचा २४ इंची टीव्ही सुमारे अडीच अँपियर आणि सेट-टॉप बॉक्स सुमारे एक अँपियर घेतो. रोज चार तास पाहिले तर १४ अँपियर-तास जातात. या जोडणीला बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज असलाच पाहिजे.

मोबाइलचे सिग्नल वाढवणारा बूस्टर बसवावा का?

राउटरला केबलने जोडलेला बाहेरचा अँटेना बसवण्यास हरकत नाही. तो स्वतः लहरी पुन्हा प्रक्षेपित करत नाही, राउटरचे कान फक्त टपावर नेतो. दोन केबलींचा, ७०० ते ३८०० मेगाहर्ट्झचा अँटेना घ्यावा आणि केबल पाच मीटरपेक्षा लांब ठेवू नये, कारण केबल लांबली की मिळालेला सिग्नल तिच्यातच विरतो. सिग्नल घेऊन पुन्हा फेकणारा बूस्टर मात्र परवानगीशिवाय बाळगणे आणि वापरणे बेकायदेशीर आहे, दूरसंचार विभागाने हे २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. बाजारात तो सहज मिळतो म्हणून तो चालतो, असे समजू नये. अशा उपकरणामुळे गावातल्या इतरांच्या मोबाइल सेवेत अडथळा येऊ शकतो.

आरटीओची अडचण येते का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. घडी होणारी छोटी डिश हा सहसा वादाचा विषय होत नाही, परंतु टपावर लोखंडी सांगाडा, पॅनेल आणि डिश असे सगळे एकत्र करून उंची वाढवणार असाल तर काम करण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावे. टीव्हीचा पडदा चालकाच्या नजरेच्या टप्प्यात असता कामा नये, हे मात्र निर्विवाद आहे.

कोकणातल्या खाऱ्या हवेत देखभाल कशी करावी?

किनाऱ्यावरच्या मुक्कामानंतर डिश, दांडा आणि बिजागरी गोड्या पाण्याने धुवावी. केबलच्या टोकांना रबरी टोपणे असावीत, कारण आत शिरलेले खारे पाणी तांब्याला हिरवे करते आणि सिग्नल हळूहळू मरतो. वर्षातून दोनदा, मे अखेरीस आणि दिवाळीनंतर, सीलंटच्या कडा नखाने दाबून पाहाव्यात. कुठे भेग दिसली तर जुने सीलंट पूर्ण खरवडून काढावे, त्यावरच नवा थर देऊ नये.

शिडी चार हात उंचीला एक हात बाहेर अशी लावावी, दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय कायम टेकलेले असावेत, आणि अवजारे कमरेच्या पिशवीत न्यावीत. टपावर चालावे लागले तर कमानीवरच पाय द्यावा. दव पडलेल्या किंवा ओल्या टपावर चढू नये. एकटे असताना तर कधीच नाही.

अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या मोटारहोमचा अँटेना वेगळा असतो का?

हो. तिथे हवेतून मोफत मिळणाऱ्या स्थानिक वाहिन्या अजून चालू आहेत, म्हणून बऱ्याच गाड्यांवर पंखांसारखा पसरलेला अँटेना असतो आणि तो आतून छतातल्या हँडलने वर-खाली करतात. मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेले आईवडील अशी गाडी घेऊन फिरतात तेव्हा दोन गोष्टी हमखास राहून जातात. अँटेना खाली घेण्यापूर्वी छतातल्या चकतीवरचे बाण एकमेकांसमोर आणावे लागतात, तसे न करता हँडल फिरवले तर अँटेना आडवा बसतो आणि टपावरच्या दुसऱ्या वस्तूवर आपटतो. दुसरे म्हणजे भिंतीवरच्या केबल-जोडणीजवळचा छोटा स्विच. तो चालू असला आणि त्याचा दिवा पेटलेला असला तरच अँटेनाचा सिग्नल वाढवून मिळतो. प्रत्येक नव्या गावी टीव्हीवर वाहिन्यांचा शोध पुन्हा घ्यावा लागतो.

जुनी डिश काढली तर छिद्रांचे काय करावे?

ती नुसती सीलंटने भरू नयेत. छिद्रांपेक्षा चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर मोठी अॅल्युमिनियमची पट्टी कापावी, तिचे कोपरे गोल करावेत, म्हणजे पाणी अडत नाही आणि ताडपत्री फाटत नाही, आणि ती ब्युटाइल पट्टीवर बसवून कडा पॉलीयुरेथेन सीलंटने बंद कराव्यात. आमच्या टपावर पहिल्या डिशच्या जागी अशीच पट्टी आहे आणि तिच्याखालचे अस्तर तीन पावसाळे कोरडे राहिले आहे.